देवानंदच्या घरात चौक नव्हता

"कंडक्टरबाबा, मी विवाहित की अविवाहित?"

जव्हारच्या एसटी स्टँडासमोर सकाळी साडेसातला कोणी असं विचारलं, तर माणसानं हातातला चहा खाली ठेवावा. मी ठेवला. विचारणारा देवानंद, जामसरच्या पुढच्या पाड्यावरचा. पाच वर्षं सुनितासोबत एका छपराखाली राहतो, चार वर्षांची चंदना नावाची मुलगी आहे, आणि विचारतो मला, ज्यानं जन्मभर फक्त तिकिटं फाडली.

"हे सुनितालाच विचारायचं. जव्हारपर्यंतची चाल तरी वाचली असती."

तो हसला नाही. खिशातून चार घड्यांचा कागद काढला. केंद्राच्या सुरक्षा दलात त्याची निवड झाली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या तोंडाकडे बघून मलाच दमल्यासारखं वाटलं. सात वर्षं हा मुलगा ह्या एका कागदामागे होता. पहाटेच्या गाडीला मी असायचो, तेव्हा चढावर तो रोज दिसायचा. घामानं थबथबलेला, पायात दोन वेगळ्या जोड्यांतले बूट. ड्रायव्हर मुद्दाम हॉर्न द्यायचा आणि गाडीतल्या बाया म्हणायच्या, "तिकीट काढायला नको म्हणून पळतोय बिचारा." एका वर्षी छाती फुगवून कमी भरली. एका वर्षी जातीची पडताळणी वेळेत आली नाही. मग रोगराईत भरतीच निघाली नाही. मधल्या काळात तो भिवंडीला गोदामावर वॉचमन होता, तिथं गेटच्या आत गोल गोल पळायचा, आणि कुत्री त्याच्यामागे पळायची. आदिवासी म्हणून वयात जी सूट मिळते ती धरूनही यंदा शेवटचीच संधी होती. पाच किलोमीटर तो चोवीस मिनिटांच्या आत पळाला आणि पलीकडे जाऊन बसला. बाकीचे नाचत होते म्हणे. ह्यानं बूट काढून फोड बघितले.

आता ह्या प्रश्नाचं सांगतो, नाहीतर शहरातले लोक उगाच भुवया उंचावतील. आमच्या डोंगरात मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडले, घरच्यांनी मान हलवली, की ती नांदायला येते. लग्न मागाहून. लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण, लग्न लावणाऱ्या बाईची, म्हणजे धवलेरीची गाणी, हळद, मांडव. ते भात चांगलं पिकेल त्या वर्षी. कधी कधी भात चांगलं पिकतच नाही आणि पोरं मोठी होतात. माझ्या स्वतःच्या लग्नात माझा थोरला मांडवात पळत होता आणि जेवायला पहिल्या पंगतीला बसला होता. पाड्यात ह्याला कोणी वावगं म्हणत नाही.

देवानंदनं फॉर्मवर 'अविवाहित' लिहिलं होतं. खरं तेच लिहिलं होतं. पण फॉर्मखाली ठळक अक्षरांत एक ओळ होती: माहिती खोटी आढळल्यास नेमणूक रद्द. आणि आता पोलीस घरी चौकशीला येणार होते.

"लग्न लावून टाकू का ह्या आठवड्यात?" त्यानं विचारलं.

"आता लावलंस तर फॉर्म कधीचा आणि लग्न कधीचं, हे कोणाकोणाला समजावत बसशील? गप्प राहा."

त्याला गप्प राहायला सांगितलं आणि मी मात्र राहिलो नाही. बाजारात त्याच्या शेजारचा पोश्या भेटला. मी एवढंच म्हणालो, पोलीस येतील तेव्हा सुनिताचं जरा जपून सांगा. पोश्याला जपून सांगायला सांगणं म्हणजे बकरीला भाजीची जुडी सांभाळायला देणं. संध्याकाळपर्यंत अख्खा पाडा तयारीला लागला.

चौकशीला वामन जमादार निघाला. आमची जुनी ओळख. पाड्याची वाट मला पाठ म्हणून त्यानं मला मोटारसायकलवर मागे घेतलं. वाटेत म्हणाला, "तू बोलायचं नाही."

"मी कधी बोलतो?"

त्यावर त्यानं गाडीचा वेग वाढवला.

पाड्याच्या तोंडालाच पोश्या उभा. कोणी काही विचारायच्या आतच म्हणाला, "देवानंद चांगला पोर. दारू नाय, बिडी नाय. आणि ती सुनिता त्याची बहीण."

"मी विचारलं का सुनिताचं?" वामन म्हणाला.

पोश्याची बायको सरू अंगणात नाचणी पाखडत होती. तिला नवऱ्याचं बोलणं ऐकू गेलं नसावं. ती म्हणाली, "सुनिता ना? ती पाव्हणी. मोखाड्याची."

"कधी आली?"

सरूनं सूप हलवत विचार केला. "झाली असतील पाच वर्षं."

वामननं माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे बघितलं.

देवानंदच्या ओट्यावर त्याची आई हौशी बसली होती. देवानंद भिंतीला टेकून उभा, मान खाली. सात वर्षं पळून आलेला माणूस आता हलायलाही तयार नव्हता. हौशीनं कोरा चहा दिला. वामननं विचारलं, "आजी, सुनिता कोण तुमची?" म्हातारी म्हणाली, "आमचं माणूस." पाड्यात खोटं न बोललेली तेवढी एकच.

तेवढ्यात सुनिता आली. डोक्यावर दोन हंडे, कमरेला कळशी. फेब्रुवारीत वरची विहीर आटते, मग खालच्या झऱ्यावरून चढ चढून पाणी आणावं लागतं. तिनं एकेक हंडा उतरवला, पदरानं मान पुसली.

वामननं विचारलं, "बाई, तू ह्याची कोण?"

तिनं देवानंदकडे बघितलं नाही. "शेजारीण," म्हणाली आणि कळशी आत न्यायला वळली.

त्याच वेळी चंदना घरातून बाहेर आली आणि "बा, बा" करत देवानंदच्या पायाला बिलगली. देवानंदचे कान जरा बाहेर आलेले आहेत, आणि मुलीचे अगदी तस्सेच. कुंपणाशी येऊन उभा राहिलेला पोश्याही आता त्या कानांकडे बघत होता.

वामननं चहा संपवला. मला वाटलं, संपलं. सात वर्षं, फोड, भिवंडीची कुत्री, सगळं माझ्या एका वाक्यापायी गेलं.

तो उठला, चपला बाहेर काढल्या आणि आत गेला. कुडाच्या भिंतीवर हात फिरवला. शेण-मातीचं सारवण, बाकी काही नाही.

"आजी, ह्या भिंतीवर चौक कधी लिहिला?"

आमच्याकडे लग्न असलं की सवाष्णी तांदळाच्या पिठानं भिंतीवर देवीचा चौक लिहितात. चौक नाही तर लग्न नाही, मग बाकी काही असो.

"माझे लग्नाला लिहिला होता," हौशी म्हणाली. "मंग नाय."

"मग अविवाहितच की." वामननं ओट्यावर बसून कागदावर लिहिलं आणि पोश्याकडे वळला. "खरं बोलून भागत होतं, तर तुम्ही लोकांनी बहीण कशाला केलीत रे तिची?"

पोश्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. परत येताना वामननं मला अर्ध्या वाटेवर उतरवलं. म्हणाला, मोटारसायकलला चढ झेपत नाही. पुढे सगळा उतार होता.

देवानंद प्रशिक्षणाला गेला. दहा महिने. आठवड्याला दहा मिनिटं फोन. बराकीतले म्हणायचे, तू तर अविवाहित, मग एवढा फोन कोणाला? तो सांगायचा, शेजारणीला. हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना तो जेवढा हसला तेवढं हसताना मी त्याला सात वर्षांत बघितलं नव्हतं. सुनिता मात्र हसली नव्हती. फोनवर म्हणाली होती, "उद्या तिकडे तुला काही झालं, तर कागदावर नाव नसलेल्या शेजारणीला कोण कळवणार?"

सुट्टीवर आला तो तारीख ठरवूनच. चौक लिहिला, धवलेरीनं रात्रभर गाणी म्हटली. हळद लावताना नवरदेव बसल्या बसल्या झोपला. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून आला होता. बायांनी त्याला चिमटे काढले, तरी उठेना. चंदना त्याच्या मांडीवर बसून सगळ्यांना सांगत होती, माझ्या बाचं लगीन आहे. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत नोंद झाली, दाखला निघाला. त्याच्या झेरॉक्स त्यानं पाच काढल्या. सवय लागली होती बिचाऱ्याला.

वामन जेवायला आला होता. सुनितानं पत्रावळीवर भात वाढला, तेव्हा तो म्हणाला, "ओळखलंस का? तुझं ते बोलणं मी विसरलो नाही. नवऱ्याच्या नोकरीसाठी स्वतःला शेजारीण म्हणवून घेणं सोपं नाही."

मीही हीच गोष्ट वर्षभर सगळ्या स्टँडावर सांगत होतो. तिखटमीठ लावून.

सुनितानं भाताचं टोपलं कमरेवर सावरलं. "कुठली नोकरी, दादा. तिसरी खेप होती पाण्याची. दम खायच्या आत कोणी विचारलं असतं, तू कोणाची, तर मी माझीसुद्धा नाय म्हटलं असतं."

आणि पुढच्या पानावर वाढायला गेली. आठव्या दिवशी देवानंद ड्युटीवर परतला. त्याची बॅग स्टँडापर्यंत तिनंच डोक्यावर आणली.