अक्कांच्या परसातलं पाणी

अक्का माणसांशी मराठीत बोलायच्या आणि पाखरांशी अहिराणीत. "बठ्ठा उनात, तू कोठे शे वं?" सगळे आले, तू कुठे आहेस, असा आवाज खालून आला की वरच्या खोलीत मला जाग यायची आणि कळायचं, एखादी बुलबुल अजून पाण्यावर यायची राहिली आहे. बँकेतली पहिली नोकरी लागून मी जळगावला आले, तेव्हा नशिराबादच्या बाजूच्या एका वसाहतीत अक्कांच्या घरावरची ही खोली भाड्याने घेतली होती. अक्कांचं माहेर पारोळ्याकडचं. लग्नानंतर जळगावात राहून त्यांची बोली बदलली. "पण पाखरं कुठं शाळेत गेली आहेत? त्यांना माहेरचंच कळतं," असं त्या हसून सांगायच्या.

अक्का बायकांचे ब्लाउज शिवायच्या. शिलाईचं मशीन मागच्या दाराशी, तोंड परसाकडे. माप द्यायला आलेल्या बाईला त्या तोंडावर बोट ठेवून गप्प करायच्या. "हळू बोल गं, सातभाई अंघोळ करताहेत." मग ती बाईही हात वर धरलेल्या अवस्थेत, गळ्याभोवती टेप तशीच, बाहेर बघत उभी राहायची. ते मातकट रंगाचे भांडखोर पक्षी एकामागून एक परातीत उड्या मारायचे, पंख फडफडवून चिखल करायचे आणि पुन्हा भांडायला लागायचे. कितीतरी ब्लाउज एक-दोन दिवस उशिरा मिळाले असतील, पण त्यावरून कुणी वाद घातलेला मला आठवत नाही.

आमच्याकडचा उन्हाळा काय असतो, हे खानदेशात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी अक्कांचं परस मात्र भरलेलं असायचं. मातीच्या पसरट पराती, कुठे भिंतीवर, कुठे झाडाच्या बुंध्याशी. प्रत्येकीत एकेक दगड, मधमाश्यांना बसून पाणी पिता यावं म्हणून. जास्वंदीवर इवलासा शिंजीर पक्षी लटकायचा. झाडावरची एक पिकली पपई अक्का तांबट पक्ष्यासाठी ठेवायच्या. पालापाचोळा झाडू द्यायच्या नाहीत, कारण त्याखालचे किडे कुणाचं तरी जेवण असतं. जमिनीवरची परात खारींची आणि मुंगसाची. मुंगूस पाणी पिऊन गेलं की त्या दिवशी अक्का शिवताना गुणगुणायच्या.

नाना, म्हणजे अक्कांचे यजमान, नगरपालिकेतून निवृत्त झालेले. त्यांना या सगळ्याचं कौतुक नव्हतं, निदान तसं दाखवायचे नाहीत. "या घरात पहिला चहा सातभाईंना, मग मला," असं ते माझ्यादेखत म्हणायचे. पण अक्का माहेरी गेल्या की लुंगी खोचून पराती भरणारे तेच. एकदा मी जिन्यावरून पाहिलं, तर ते बुलबुलला शुद्ध मराठीत समजावत होते, "बाई घरी नाहीत, चार दिवसांनी येतील."

त्या वर्षी मे महिना फार कडक होता. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. भाजी धुतलेलं पाणी अक्का परसात नेऊ लागल्या. एके दिवशी दिवेलागणीला त्या लग्नघरचा ब्लाउज संपवत बसल्या होत्या. मशीनवरून मान वर न करता त्यांनी सांगितलं, "अहो, खालची परात कोरडी पडलीय, तेवढी भरा ना."

नाना तांब्या घेऊन गेले. मी नुकतीच बँकेतून येऊन चपला काढत होते. "अगं, काहीतरी चावलं," एवढंच ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात. परातीच्या कडेला पाचोळ्यात घोणस बसली होती. उजव्या हाताला दोन ठिपके, आणि रिक्षा येईपर्यंत हात मनगटापर्यंत सुजला. सरकारी दवाखान्यात पोहोचेस्तोवर हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. अक्का रिक्षात त्यांचा हात मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांच्या पदराला अजून दोऱ्याची सुई टोचलेली होती. ती मी हळूच काढून घेतली, त्यांना कळलंही नाही.

नाना वाचले. पण किडनीवर परिणाम झाला आणि उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. पुण्याहून मुलगा आला. बिचारा घाबरलेला होता, आणि घाबरलेली माणसं रागाने बोलतात. "आई, पाखरांचे लाड करता करता बाबांना घालवलं असतंस," तो म्हणाला. गल्लीतही तेच चाललं होतं. मुलाने पाचोळा काढून परसात फरशी घातली. पराती मात्र अक्कांनीच उचलल्या आणि भिंतीशी पालथ्या घातल्या. मशीन पुढच्या खोलीत नेलं, भिंतीकडे तोंड करून.

पाखरांना हे कोण सांगणार? ती यायची. पालथ्या परातीवर बुलबुल बसायची, इकडेतिकडे बघायची, चोच उघडी ठेवून धापा टाकायची. मी वर पाणी ठेवते म्हटलं, तर अक्कांनी नुसती मान हलवली. त्या नको म्हणताहेत की हो, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

नाना घरी आल्यावर एका दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. "पोरी, एक परात त्या भिंतीवर ठेव. मला एका हाताने उचलत नाही." मी ठेवली. डाव्या हाताने पाणी ओतताना अर्धं त्यांच्याच पायावर सांडलं. आवाज ऐकून अक्का बाहेर आल्या.

"ठेवा तो तांब्या खाली," त्या म्हणाल्या. "हाताकडे बघा आधी."

"हात माझा आहे. रागवायचं झालं तर मी रागवेन."

"मी बोलावलं म्हणून आला तो साप. इतकी वर्षं मीच सगळ्यांना बोलावत होते."

"तहान लागली म्हणून आला," नाना म्हणाले. "त्याला काय ठाऊक हे तुझं घर आहे?"

अक्का तशाच आत वळल्या. नाना रोज सांडत-लवंडत ती परात भरत राहिले. पुढे एकदा अक्का खिडकीतून म्हणाल्या, "काठोकाठ भरू नका, मधमाश्या बुडतात." त्यापलीकडे त्यांनी त्यात लक्ष घातलं नाही. सकाळचा तो अहिराणी आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

पावसाळ्यानंतर माझी धुळ्याला बदली झाली. थंडीत नाना गेल्याचा निरोप आला. किडनीने शेवटपर्यंत साथ दिलीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी अक्कांना भेटायला गेले. मुलगा पुण्याला चला म्हणत होता, त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. आम्ही चहा घेतला. थोड्या वेळाने त्या उठल्या, नानांचे गमबूट पायात घातले, हातात काठी घेतली. फरशीवर काठी आपटत त्या भिंतीपर्यंत गेल्या आणि तिथल्या परातीत पाणी ओतलं. मला बरं वाटलं, ते बहुधा चेहऱ्यावर दिसलं असावं.

"तसं काही नाही गं," अक्का म्हणाल्या. "आता मला ती पाखरं आवडत नाहीत. बघवतही नाही त्यांच्याकडे."

"मग कशाला ठेवता, अक्का?"

त्यांनी तांब्या उपडा करून शेवटचा थेंब परातीत पडू दिला. "मला आवडेनात म्हणून त्यांची तहान कुठं थांबते?"

पहिली साळुंकी भिंतीवर उतरायच्या आत त्या मागे फिरल्या, आत आल्या आणि दार लावून घेतलं.