ते लंगडतंय

दर रविवारी पहाटे माझ्या मागे एक माणूस असायचा. हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमच्या मागं कोण असणार? तुम्हीच तर शेवटचे असता."

मुद्दा तोच होता. मी शेवटचा होतो आणि तरीही माझ्या मागे एक माणूस होता.

वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. समोर आलेल्या मालात खोट आहे असं धरून चालायचं आणि मग ती शोधत बसायचं, ही माझी नोकरी. सवय इतकी मुरली आहे की बाजारात मोडून घेतलेल्या भेंडीचा शेंडा मी घरी आल्यावर पुन्हा मोडून बघतो. त्यामुळे पुढे जे घडलं त्यात माझा दोष किती आणि नोकरीचा किती, हे तुम्हीच ठरवा.

एकावन्नाव्या वर्षी कंपनीच्या तपासणीत माझ्या रक्ताचे दोन-तीन आकडे वर गेलेले निघाले. डॉक्टर म्हणाले, चालत जा. शेजारी म्हणाले, चालताय काय, आमच्या ग्रुपमध्ये या आणि पळा. ग्रुप म्हणजे तीस-पस्तीस हौशी माणसं. रविवारी गोगाबाबा टेकडीच्या बाजूच्या पायवाटांवर पळायचं, बुधवारी पहाटे सायकल, आणि चार महिन्यांनी, थंडीत, म्हैसमाळच्या डोंगरात शर्यत. त्यात दोन गट होते, एकवीस किलोमीटर आणि दहा किलोमीटर. फॉर्म भरताना मी एकवीसवर खूण केली. तोवर मी सलग पळालेलं सगळ्यात लांब अंतर म्हणजे मुकुंदवाडी स्टेशनचा प्लॅटफॉर्म, तोही गाडी सुटताना.

एकवीसच का, याला कारण माझा साडू. त्याचं लासूर स्टेशनला आडतीचं दुकान आहे. एका बुधवारी सुट्टी होती म्हणून आमचा ग्रुप सायकलवर तिकडं गेला. मी घट्ट चड्डी आणि हेल्मेट अशा अवतारात बाजार समितीच्या फाटकाशी धापा टाकत उभा होतो, नेमका तो समोर आला. त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"मोटरसायकल विकली काय?"

"व्यायाम आहे हा. थंडीत डोंगरात पळणार आहे. एकवीस किलोमीटर."

"एकवीस? कोण मागं लागलंय?"

शेजारचे दोन हमालही हसले. त्या क्षणापासून एकवीस हा आकडा माझ्या इज्जतीचा प्रश्न झाला. दहा पळालो असतो तर लासूरला पुढची सगळी लग्नं मला मान खाली घालून जेवावी लागली असती.

आता मागच्या माणसाबद्दल. अशा ग्रुपांत सगळ्यांच्या शेवटी एक जाणता माणूस ठेवतात. कोणी वाट चुकू नये, कोणी मागे पडून राहू नये म्हणून. आमची कोच माझ्या मुलीच्या वयाची. तिनं पहिल्या दिवशी इंग्रजी शब्द सांगितला, स्वीपर. पण आपल्याकडे स्वीपर म्हटलं की हातात झाडू दिसतो, म्हणून कोणीतरी त्याला 'शेपूट' म्हणायला लागलं आणि तेच राहिलं. आमचं शेपूट म्हणजे चाळिशीचा, काटक अंगाचा माणूस. शेंद्र्याच्या एका कारखान्यात पाळ्यांची नोकरी, घरी अजून मेंढरं. बोलणं कमी. त्याला कधी धाप लागलेली मी बघितली नाही, आणि क्वालिटीवाल्याला अशी निर्दोष वस्तू दिसली की पहिला संशय तिथंच येतो.

मी हळू झालो की तो हळू व्हायचा. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो की तो आभाळाकडं बघायचा. एकदा तर मी मुद्दाम सीताफळीच्या झुडपाआड लपून बसलो, म्हटलं बघू पुढं जातो का. तो आला, झुडपाकडं पाठ करून उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "सावकाश होऊ द्या साहेब. म्या हाय हितं."

एवढ्यावर मी संशय घेतला नसता. पण घरी वेगळीच गंमत सुरू झाली. एका रविवारी दारात पाऊल टाकलं आणि बायको म्हणाली, "आज दोनदा बसलात वाटतं."

"कोण म्हणालं?"

"चड्डीला कुसळं लागलीत ती बघा की."

कुसळं होती हे खरं. पण कुसळांवरून बसलो एवढं कळेल, दोनदा कसं कळेल? पुढच्या रविवारी तिनं पोहे केले नाहीत. "तिकडं झाले असतीलच, दोन प्लेटी," म्हणाली. दोनच झाल्या होत्या. जेवताना मी तिच्याकडं जरा बारकाईनं बघितलं. तीही माझ्याकडं बघत होती.

यात माझी एक अडचण होती. माझा उजवा गुडघा दोन महिन्यांपासून दुखत होता. कोचचा नियम सरळ होता. ज्याला दुखतंय त्यानं सांगायचं, मग ती त्याला बरं वाटेपर्यंत दहाच्या गटात टाकणार. मी सांगितलं नव्हतं. मलमाची ट्यूब मोटरसायकलच्या डिकीत ठेवायचो आणि पार्किंगमध्ये चोळायचो. बायको विचारायची, हा वास कसला. मी म्हणायचो, कंपनीत मशीनला नवीन तेल आलंय. ती "असेल" म्हणायची. त्या 'असेल'मध्ये मला काही खोट सापडली नाही, म्हणजे मी किती नापास क्वालिटीवाला ते बघा.

आणि मग तो फोन.

टेकडीच्या चढावर मी एका दगडाला टेकून पाणी पीत होतो. शेपूट वीसेक पावलं खाली, पाठमोरं, फोनवर. वारा माझ्या बाजूला होता. एकेक शब्द ऐकू येत होता.

"व्हय, ते मागंच राहतंय... लंगडतंय. उजवा पाय... नाय, दिसत नाय लवकर, मागून बघितलं का कळतं... आता वय झालंय त्याचं. खातंय मातर लई."

मी बाटलीचं झाकण लावलं.

"बाकीच्याबरोबर नका नेऊ त्याला. खामखा सगळ्यायला उशीर. बाईला सांगितलंय म्या, तिचं बी तेच म्हणणं हाय... व्हय, बघू आयतवारी. नायतर काढूनच टाकू."

उजवा पाय. वय. खाणं. बाई. मालाची सगळी वैशिष्ट्यं जुळत होती. बाई म्हणजे माझी बायको की कोच, एवढाच प्रश्न उरला होता. बहुधा दोघी. रविवारी बघणार आणि मला एकवीसमधून काढून टाकणार.

पण खरं सांगायचं तर मला लागलं ते निराळंच. 'ते' आणि 'लंगडतंय'. तोंडावर साहेब म्हणणाऱ्या माणसानं मागे मला एकेरीत घेतलं असतं, तर मी समजून घेतलं असतं. कंपनीत पोरं घेतातच. पण यानं मला नपुंसकलिंगात टाकलं होतं. टेबल, कपाट, खोकं, तसा मी. उतरताना मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यानंही विचारलं नाही, आणि हाही मला पुरावाच वाटला.

पुढचा रविवार म्हणजे कसोटीचा. कोचनं सांगून ठेवलं होतं, चौदा किलोमीटरची फेरी, साडेआठच्या आत खाली आले ते एकवीसमध्ये. मी ठरवलं, आज शेपटाला माझी पाठसुद्धा दिसू द्यायची नाही. पार्किंगमध्ये अर्धी ट्यूब संपवली आणि सुरुवातीलाच सुटलो. पहिल्यांदाच माझ्या मागे सात-आठ माणसं होती. कोच ओरडली, "काका, सावकाश." मी मनात म्हटलं, कळतं मला सगळं.

नऊ किलोमीटरपर्यंत मी राजा होतो. मग उतारावर सुट्या मुरमावरून पाय सरकला. पडलो नाही, पण गुडघ्यातून अशी कळ गेली की जागीच बसलो. मागची माणसं एकेक करून आली, विचारपूस करून पुढं गेली. मी सगळ्यांना "नाडी, नाडी" म्हणत राहिलो. शेवटी तो आला. त्यानं माझ्याकडं बघितलं, गुडघ्याकडं बघितलं आणि शेजारी उकिडवा बसला.

"लावा फोन," मी म्हणालो. "सांगा, ते बसलंय."

"कोण?"

"ते. लंगडतंय ते. वय झालंय त्याचं, खातंय मात्र लई."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आमचं मेंढरू तुमच्या कसं काय ध्यानात?"

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"जुनं हाय एक. पाय धरलाय त्याचा. थोरला भाऊ म्हणतो, सगळ्यासंगं रानात न्या. म्या म्हणलं नका नेऊ, घरी बांधा. आमच्या मंडळीचं बी तेच म्हणणं. नायतर कळपातून काढायचंच ठरलं हुतं." मग तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत गेलं. "साहेब, तुमाला वाटलं..."

"नाही, नाही. मला काही वाटलं नाही."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. उलट समजूत काढावी तसा म्हणाला, "तुमचं आसं फोनवर कशाला बोलंल म्या? तुमचं तर मेसेजवर असतं."

"काय असतं?"

तो उठून पँट झटकायला लागला.

"कुणाला मेसेज?"

"वहिनीला," तो म्हणाला. "चला, पुढं व्हा. सावकाश. म्या मागून येतो."

खाली पोचायला आम्हाला साडेनऊ झाले. घरी जाऊन मी आंघोळसुद्धा न करता बायकोपुढं हात केला. "फोन दे तुझा." तिनं पीठ लागलेल्या बोटानंच उघडून दिला. तीन महिन्यांचे मेसेज होते, दर रविवारी एक. सगळे याच तोलाचे:

'पोचले.'

'पोचले. दोनदा बसले.'

'पोचले. पोहे दोन प्लेट.'

'पोचले. उजवा गुडघा दुखतो. सांगत नाहीत.'

हा गुडघ्याचा दोन महिन्यांपूर्वीचा. त्यानंतर पुन्हा नुसतं 'पोचले'.

"याला तुझा नंबर कुठून मिळाला?"

"तुम्हीच दिला. फॉर्मवर. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, तिथं माझा नंबर घातलात. अक्षर तुमचंच आहे, कोचनं फोटो पाठवलाय, बघायचाय?"

मी नको म्हणालो.

"पहिल्या रविवारी त्यांनी नंबर बरोबर आहे का बघायला फोन केला, तेव्हा मीच विचारलं, पोचले का म्हणून. तेव्हापासून ते स्वतःहून कळवतात. जीव टांगणीला लागतो माझा, डोंगर आहे, तुमचे आकडे वर." ती भाकरी थापायला लागली. "गुडघ्याचं मी काही बोलले का? म्हटलं, सांगतील. दोन महिने मशीनच्या तेलाचा वास घेतेय."

भाकरी तव्यावर गेली, उलटली, फुगली. मी गुडघ्यावर हात ठेवून तिथंच पाटावर बसलो. तिनं काही न विचारता शेगडीवर पाणी तापत ठेवलं.

दुपारी मी साडूला फोन लावला आणि उगाच तुरीच्या भावाची चौकशी केली. त्यानं विचारलंच, "मग, पळताय ना एकवीस?" मी म्हणालो, "दहा. गुडघा धरलाय." पलीकडं दुकानाचं दार लोटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "माझा बी धरलाय. कुणाला बोलू नका."

मग मी कोचला मेसेज लिहिला. तीनदा लिहून खोडला. शेवटी एवढंच ठेवलं, माझा गुडघा दुखतो, मला दहामध्ये टाका. उत्तर लगेच आलं.

'काका, तुमचं नाव मागच्या सोमवारीच दहामध्ये टाकलंय.'

मागच्या सोमवारी. म्हणजे कसोटीच्या आधी सहा दिवस. मग रविवारी मला पळू कशाला दिलं? आणि तिला कोणी सांगितलं? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय माहीत." आवाज नेमका 'असेल'वालाच होता. शेपटाला विचारलं तर तो आभाळाकडं बघायला लागला.

तीन आठवडे मी पळालो नाही. त्याचं मेंढरूही तेवढे दिवस घरीच बांधलेलं होतं. दर रविवारी शेपटाकडून मेंढराची खबर यायची, आता माझ्याच फोनवर. 'उभं राहिलं.' 'चाललं थोडं.' मीही माझी कळवायचो, त्याच शब्दांत, फक्त माझं लिंग सांभाळून.

शर्यतीच्या दिवशी म्हैसमाळला इतकी थंडी होती की नाकाचा शेंडा जाणवत नव्हता. दहाच्या गटात बायका, म्हातारे, शाळकरी मुली आणि मी. निम्म्या वाटेपर्यंत सगळे पुढं गेले. मग मागं ओळखीची पावलं वाजली. शेपूट. नियमानं ते एकवीसच्या मागे असायला हवं होतं. याला दहाच्या मागे कोणी लावलं, हा प्रश्न मी मनात नोंदवून ठेवला.

शेवटच्या चढावर त्याचा फोन वाजला. मी वळलो नाही, पण कान मागंच होते.

"व्हय," तो म्हणाला. "नाय, लंगडणं नाय आता. पुढंच हायेत."

हायेत. मी छाती काढून चार पावलं जरा जोरात टाकली. मग आठवलं की घरी त्याची बाकीची मेंढरंही त्या वेळी रानात निघालेली असणार, आणि त्यांनाही हायेतच म्हणतात. मागं वळून विचारणार होतो. पण पुढं शेवटची कमान दिसत होती आणि कमानीच्या बाजूला बायको शाल गुंडाळून उभी होती, फोन कानाला लावून. तिच्या शेजारी मफलर बांधलेला साडू, तो कधी आला होता देव जाणे. शेपटाला आलेला फोन तिचाच होता की आणखी कुणाचा, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.