गल्लीच्या टोकाला उरलेले व्होल्ट

गल्लीतले लोक त्याला वायरमन म्हणत. खिशात कायम मीटर असे, म्हणून मेहुणा त्याला डॉक्टर म्हणायचा. कुणाकडेही गेला तरी आधी सॉकेटला मीटर लावून व्होल्ट बघणार आणि मग घरच्यांची खुशाली विचारणार. गल्लीतल्या अठरा घरांत त्याचं घर अगदी शेवटचं. ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या टोकाला, मेहुण्याच्या घराला लागून.

बायकोची फुप्फुसं दमली, तेव्हा हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन घरी आलं. दिवसभर ते बिनतक्रार चाले. संध्याकाळी गल्लीतले पंप, इस्त्र्या, शेगड्या सुरू झाल्या की मीटर एकशे तीसवर यायचा आणि मशीन शिट्टी मारून बंद पडायचं. राखीव सिलिंडर होता, पण संध्याकाळ त्याच्यापेक्षा लांब असे.

असं का होतं, हे त्याला तोंडपाठ होतं. तार विजेला फुकट वाट देत नाही, वाटेत आपला वाटा खाते. तार जितकी लांब आणि बारीक, तितकी खादाड. करंट दुप्पट झाला की ती व्होल्टही दुप्पट गिळते. शेवटच्या घराला उरलंसुरलं.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं मशीन कुंथायला लागलं, म्हणून त्याने त्यांना बूस्टर बसवून दिला. कमी व्होल्ट घेऊन जास्त करून देणारी पेटी. एकाचं बघून दुसऱ्याने मागितला. असे चौदा बसले, सगळे त्याच्याच हातचे. पण बूस्टर वीज जन्माला घालत नाही. पुढे व्होल्ट वाढवून द्यायचे तर मागून करंट जास्त ओढतो. करंट वाढला की तार आणखी खाते, व्होल्ट आणखी उतरतात, की बूस्टर आणखी ओढतो. हे त्याला तेव्हाही माहीत होतं. एकेका घराची अडचण सोडवताना गल्लीची बेरीज करायची तेवढी राहून गेली. आता त्याच्या घरातला बूस्टरही एकशे चाळीसच्या खाली हात टेकत होता.

एका सकाळी तो दारोदार निघाला.

"वहिनी, सहा ते दहा बूस्टर बंद ठेवाल का? सगळ्यांनी ठेवला तर आमच्याकडे एकशे साठ येतील. तिचं मशीन चालेल."

"आणि माझं?"

"हळू चालेल."

"हळू चालत होतं म्हणून तर तुम्हाला बोलावलं होतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनाच कसंतरी झालं. "ठेवते बंद. तिला सांगा, काळजी करू नको म्हणावं."

त्या संध्याकाळी एकशे अठ्ठावन्न आले. बायको उशीला टेकून चक्क गप्पा मारत होती. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी समोरच्या निवृत्त कारकुनाच्या खिडकीत बूस्टरचा हिरवा दिवा दिसला.

"माझा बंदच आहे," कारकून दारातून म्हणाले.

त्यांच्याकडे पाहुणे आले होते, टाकीत पाणी चढत नव्हतं. दिवा वायरमननेच लावून दिलेला. आठवड्याभरात एकाचं बघून दुसऱ्याने, जसे बसले तसेच बहुतेक पुन्हा सुरू झाले.

वीज कार्यालयातले साहेब भले होते. "जाड तार मंजूर आहे," ते म्हणाले.

"कधी ओढणार?"

"ते मला कळलं तर तुम्हाला पहिलं सांगेन."

शेवटी बायकोनेच विषय काढला. "अहो, दादाकडे किती असतात?"

"दोनशे अठ्ठावीस."

"मग मला तिकडेच ठेवा."

मेहुण्याची खोली एकच. तिथे एक खाट आणि मशीन मावलं, वायरमन मावला नाही. रोज संध्याकाळी तो डबा घेऊन तिच्याकडे जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी वहिनींनी दारातून हाक मारली.

"भाऊजी, कशी आहे ती?"

"बरी आहे. मशीन बंद पडत नाही तिकडे."

गल्लीत प्रामाणिकपणे बूस्टर बंद ठेवलेलं त्यांचं एकच घर उरलं होतं.

"मग आता मी चालू केला तर चालेल ना?"

"चालेल," तो म्हणाला, आणि डबा दुसऱ्या हातात घेऊन पुढे निघाला.