गुलनार नावाच्या दोघी

मोबाईलवर त्यांचं नाव दिसलं आणि मी सवयीनं 'हॅलो'च्या आधीच बोलून मोकळा झालो, "हो हो, वापरते. रोज वापरते." गेली आठ वर्षं आमचं बोलणं असंच सुरू व्हायचं. त्या विचारायच्या, "गुरुजी, आपली गुलनार कळशी वापरती का?" आणि मी सांगायचो, रोज. त्या दिवशी पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला, "गुरुजी, मी आसमा, त्यांची भाची. खाला सकाळी गेली..." म्हणजे बाई गेल्यावर त्यांच्या फोनवर मी पहिलं वाक्य बोललो तेही खोटंच, आणि या वेळी तर कुणी विचारलंही नव्हतं.

गुलनारबाई जामखेडच्या अलीकडच्या आमच्या गावात नर्स म्हणून आल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिल्या. मूळच्या नगरच्या, पण वर्षभरात आमच्यासारखंच 'हाय-न्हाई' बोलायला लागल्या. मी शाळेत गुरुजी. गुरुजीला सगळ्याचा अर्थ विचारायची खोड असते, म्हणून पहिल्याच भेटीत त्यांना नावाचा अर्थ विचारला. म्हणाल्या, फारसी नाव हाय, डाळिंबाचं फूल. त्यांच्या आजीचं हेच नाव. आजी गेली आणि वर्षाच्या आत या जन्मल्या, तेव्हा घरात दुसऱ्या नावाचा विचारच झाला नाही.

माझी मुलगी झाली ती घरातच, भरदुपारी. गाडी मिळेपर्यंत थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती. बाई आत गेल्या आणि मला म्हणाल्या, पाणी उकळा. मी उकळलं, आणि हाताला सवय म्हणून त्यात चहापत्ती टाकली, साखर टाकली, आलंही ठेचून टाकलं. आत पोरीच्या मानेला नाळेचा वेढा, पोर रडेना, आणि दारात मी चहाचं पातेलं धरून उभा. बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. माझ्या आईनं चुलीवर दुसरं पाणी ठेवलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही... मग पोर रडली. बाई बाहेर आल्या, ओट्यावर बसल्या आणि तो गार झालेला चहा त्यांनी दोन कप प्यायला. कप दोन्ही हातांनी धरला होता.

मला बहीण नाही. बारशाला आत्या कुठून आणायची? शालन, माझी बायको, म्हणाली, जिनं जगवली तीच आत्या. पत्रिकेवरून रेवती नाव ठरलं होतं, आणि ते बाईंना आधी सांगून ठेवायचं एवढं एकच काम माझ्याकडे होतं. मी घुगऱ्या वाटण्याच्या गडबडीत ते विसरलो. बाई पाळण्यावर वाकल्या. चार बायका त्यांच्या पाठीत बुक्के घालायला मुठी उगारून तयार. बाईंनी मान वळवून हळूच विचारलं, "गुरुजी, नाव?" आणि माझं डोकं पाटी पुसल्यासारखं कोरं. डोळ्यांसमोर तेवढा त्यांचा चेहरा होता. तोंडातून निघालं, "गुलनार." उगारलेल्या मुठी तशाच राहिल्या. बाई म्हणाल्या, "चेष्टा नका करू, गुरुजी." मी माझ्या वडिलांकडे बघायचं टाळत होतो. अण्णा कडक माणूस. त्यांनी विचारलं, "अर्थ काय हाय याचा?" बाईंनी सांगितला. अण्णांनी त्याच साली माळाला डाळिंब लावलं होतं. ते म्हणाले, "मग आपलंच हाय की. मारा बुक्के." बायकांनी मनापासून मारले. बाई आठवडाभर पाठ चोळत होत्या.

पोर आत्याच्या मागे मागे वाढली. बहर आला की दोघी बागेत असायच्या. कुठलं फूल गळणार आणि कुठलं धरणार हे बाई बुडाच्या फुगवट्यावरून सांगायच्या, आणि पोर मला येऊन शिकवायची. एकदा पिकलेलं डाळिंब उलटं धरून बाई तिला म्हणाल्या होत्या, "हा मुकुट बघ. फुलाचाच हाय. फळ झालं तरी जात न्हाई."

पुढचं सांगायला जड जातं, पण सांगतो. देवळाली प्रवराचं स्थळ आलं. उसाची शेती, मुलगा समजूतदार, पोरीला पसंत. बैठकीत मुलाचे चुलते म्हणाले, लग्नात नाव तर बदलतातच, गौरी ठेवू. तेवढं जुनं नाव आमच्या पाव्हण्यांच्या कानावर जायला नको. मला कुणी धमकी दिली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मान मीच हलवली. सकाळी पोरगी एवढंच म्हणाली, "पप्पा, आत्याला सांगा मग." मी हो म्हणालो. पत्रिकेवर गौरी छापून आणलं आणि बाईंना पत्रिका न देता तोंडी आमंत्रण करून आलो.

लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्या मुलानं अंगठीनं नाव लिहिलं तेव्हा बाई मागे बायकांत होत्या. दिसलं नसावं, असं मी मनाशी धरलं. मग आहेर सुरू झाले. आमच्याकडे माईकवर आहेर पुकारतात, भांड्यावर कोरलेली नावं वाचून. आणि रांगेत बाई, हातात वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली कळशी! भांड्यावर पोरीचं जुनं नाव असणारच. ते माईकवाला वाचणार, चुलते माईकशेजारीच खुर्ची टाकून बसलेले. घामानं माझा फेटा डोळ्यांवर उतरला. मी मांडवातून धावलो, एका पाव्हण्याच्या ताटात पाय दिला, आणि मठ्ठा उडालेल्या धोतरानं बाईंच्या समोर उभा राहिलो. "द्या, मी ठेवतो आत, जड आहे." बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. पातेलं धरून उभा होतो तेव्हा पाहिलं होतं, तसंच. आणि कळशी दिली.

ती मी घरी आणून माळ्यावर ढकलली. सुतळीही सोडली नाही. पोरीला सांगितलं नाही, बाईंना सांगितलं नाही. शालन म्हणायची, अहो, सांगून टाका एकदा. मी म्हणायचो, पुढच्या भेटीत. बाई निवृत्त होऊन नगरला गेल्या आणि त्यांचे फोन सुरू झाले. कळशी वापरती का? रोज. फोन ठेवला की माझी नजर आपोआप माळ्याकडे जायची.

शेवटचा भेटलो तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. श्वास पुरत नव्हता, बोलणं तुटक. आज सांगायचंच, असं ठरवून मी गेलो होतो. त्याच म्हणाल्या, "बुडाला पोचे पडले असतील आता कळशीच्या... रोजची वापरायची म्हणल्यावर." माझ्या तोंडून निघालं, "नाही, अजून नवीच दिसते." आयुष्यात पहिल्यांदा मी त्या कळशीबद्दल खरं बोललो होतो. बाई हसल्या, हसता हसता खोकल्या. आसमा पाणी घेऊन आली, आणि माझं सांगणं राहून गेलं...

मयताला पोरगी देवळालीहून आली. आत बायकांत बसली होती. मी दाराबाहेर. कुणीतरी तिला विचारलं, तू कोण गं? ती म्हणाली, "भाची. माझंबी नाव गुलनारच." तिचा नवरा माझ्या शेजारी उभा होता. मी खाली बघत राहिलो. तो म्हणाला, "मला ठाऊक आहे, पप्पा."

चाळिसाव्याला जाऊन आल्यावर पोरगी आमच्याकडे राहिली, तेव्हा मी शिडी लावली. वरूनच, तिच्याकडे न बघता, सगळं सांगितलं आणि कळशी खाली दिली. तिनं सुतळी दातांनी तोडली. कागद पिवळा पडला होता, आतली कळशी लख्ख. बुडाच्या वर, दुकानातल्या मशिननं काढलेली टिंबाटिंबांची अक्षरं:

'चि. सौ. कां. गौरी हिस, गुलनार आत्याकडून.'

मी शिडीवरच बसलो. पोरगी अक्षरांवरून बोट फिरवत होती. म्हणाली, "तुमी सांगणार न्हाई, हे मला ठाऊक हुतं. म्हणून मीच जाऊन सांगितलं आत्याला, लग्नाच्या आधी. ती म्हणाली, हरकत न्हाई, नवं नाव काय ते नीट लिहून दे." एवढंच. कशाला हवं होतं ते पोरीला तेव्हा समजलं नव्हतं. माझ्या पोरीला कळशी सासरी उजळ माथ्यानं वापरता यावी म्हणून बाईंनी तिचं नवं नाव वर घातलं होतं, आणि माईकवर तेच वाचलं जाणार होतं. मी धावलो नसतो तर.

पोरगी कळशी घेऊन देवळालीला गेली. सासूबाईंनी नाव वाचलं आणि विचारलं, ही गुलनार कोण? पोरीनं सांगितलं, माझी आत्या, माझं नाव तिच्यावरनंच ठेवलं हुतं. सासूबाई कळशी हातात तोलून म्हणाल्या, चांगली जड हाय, आणि पाण्याच्या ओट्यावर ठेवून आल्या.

परवा पोरीचा फोन आला. मी हॅलो म्हणेपर्यंत थांबली, मग म्हणाली, "पप्पा, नळावर हातातनं निसटली. बुडाला पोचा पडला."