अगदी उजव्या कडेची बाई

साठच्या दशकातली गोष्ट. रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही नवराबायको मुळशीतल्या कासार आंबोलीला उतरलो, ते चक्क एका फोटोचा फोटो काढायला!

पुण्यात आमचा छोटा स्टुडिओ होता. फोटो हे काढायचे, डार्करूम माझी. मंडईत भाजी विकणाऱ्या हौसाबाई एकदा आत आल्या आणि म्हणाल्या, "गावच्या फोटूतलं माज्या आईचं तोंड मोठं करून द्याल का? म्या तिला बघितलीच न्हाई." त्यांना जन्म देऊन आई गेली होती...

तो फोटो मात्र त्या घराबाहेर आणायला तयार नव्हत्या. "तेवढीच हाय ती माज्यापाशी." मग काय, आम्हीच त्यांच्या घरी कासार आंबोलीला गेलो.

धरणाच्या मोजणीला आलेल्या कुणा साहेबाने काढलेला फोटो. फोटोतलं ते जुनं गाव पुढे धरणाच्या पाण्याखाली गेलं. देवळासमोर सगळी माणसं उभी, आणि अगदी उजव्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढ्या चेहऱ्याची एक बाई. "ही तुजी आई," असं वडलांनी बोट ठेवून दाखवलेलं.

ह्यांनी आमची पोर्ट्रेटची लेन्स लावून फोटो काढला. पुण्यात येऊन निगेटिव्ह धुतली, तर देवळाचा दगड न् दगड दिसतोय आणि कडेला सगळं विरघळलेलं... आई नेमकी तिथेच!

लेन्समध्ये खोट नव्हती. माणसाचा फोटो काढताना कडा जरा मऊ आल्या तर उलट छान दिसतं. पण सपाट कागदाचे चारही कोपरे सारखेच धारदार यावे लागतात, तिथे ती कमी पडली.

बरेच दिवस हेच डोक्यात होतं. मग एकदा एनलार्जरवर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्रावर, प्रिंट काढताना एकदम लक्षात आलं... ह्या यंत्राची लेन्स रोज दुसरं काय करते? सपाट निगेटिव्ह सपाट कागदावर, कोपऱ्यापर्यंत स्वच्छ उतरवते!

"हीच कॅमेऱ्याला लावूया," मी म्हटलं. "अगं, पण हिला शटर कुठंय?" हे म्हणाले. "झाकण काढायचं, आकडे मोजायचे, झाकण लावायचं." ह्यांना पटलं. लाकडी फळीला भोक पाडून ह्यांनी ती आमच्या भात्याच्या कॅमेऱ्यावर बसवली.

पुन्हा कासार आंबोली. फोटो बाकदार झाला होता, म्हणून तो काचेखाली दाबून ओसरीच्या भिंतीला सावलीत उभा केला. काचेत आमचीच तोंडं दिसायला लागली, तेव्हा कॅमेऱ्यामागे काळी चादर धरली. कॅमेरा जरा तिरका राहिला तरी परत एक कड जाणार, म्हणून आधी फोटोच्या जागी आरसा लावला, आणि कॅमेऱ्यातून बघताना लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत स्टँड सरकवत राहिलो.

कडा स्वच्छ याव्यात म्हणून लेन्सचं तोंड अगदी बारीक केलेलं, उजेड आत थोडाच जाणार, म्हणजे झाकण बराच वेळ उघडं राहणार. हौसाबाईंनी कोंबड्या हाकलल्या आणि घरादाराला दम भरला, "कुनी पाऊल बी हलवायचं न्हाई!" सगळे श्वास धरून उभे...

प्रिंट काढायच्या दिवशी दुपारी त्या डार्करूममध्ये माझ्या शेजारी होत्या. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये पांढरा कागद. आधी पदराची कड आली, मग नथ, मग उन्हाने बारीक केलेले डोळे... भुवईची कमानसुद्धा दिसत होती. इतकी वर्षं ही सगळी त्या दाण्यात होती?

हौसाबाई ट्रेवर वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं बया... ही तर पोर हाय! माज्या सुनंपरीस ल्हान." मी त्यांचा हात धरला. त्या कागदाकडे बघतच राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "एवढ्या उनात कशापाई उभी केली हिला?"

आई बघायला आलेली ती लेक क्षणात तिचीच आई झाली होती. पुढे मी आयुष्यभर चेहरे धुतले, सुकवले, लोकांच्या हाती दिले. पण त्या दुपारी जे बघायला मिळालं, त्यापुढे आजही हात जोडावेसे वाटतात...