विटाळाची सुटी

हे मी आजवर कोणाशी बोलले नाही. नवऱ्याशी नाही, मुलांशी नाही. देवापुढे हात जोडले, तरी तिथंही दुसरंच काहीतरी पुटपुटत राहिले. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. उद्या तुम्ही माझ्या ओसरीवर येऊन बसणार नाही, माझ्या तोंडाकडे बघणार नाही. समोर माणूस बसलं की माझी जीभ आखडते — ती जन्माचीच तशी.

तर आधी तेच सांगते. मला माणसं सोसत नाहीत. भांडण नाही, वैर नाही, नुसती सोसत नाहीत. माझं माहेर शेगावचं. वडील शाळामास्तर, मी एकुलती एक. आमच्या घरात दिवस दिवस कोणी मोठ्यानं बोलत नसे. आणि लग्न होऊन पडले कुठं? तर नांदुऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात, भरल्या शेतकरी घरात. सासू-सासरे, नवरा, दीर, गडी, हंगामात कापूस वेचणाऱ्या बाया. पहाटे जात्यावर बसल्यापासून चूल विझेपर्यंत कोणी ना कोणी बोलतच असायचं. माणसं वाईट नव्हती हो. मला कोणी कधी टोचून बोललं नाही. कामाचंही मला ओझं नव्हतं. दळण, पाणी, भाकऱ्या — हात चालायचे. पण हात चालवता चालवता हसायचं, हाव-हाव म्हणत मान डोलवायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायचं — तिथं माझा जीव जायचा. संध्याकाळपर्यंत कान किटलेले, डोकं उठलेलं. मग कोणी मायेनं विचारलं, "काऊन वं, गप गप?" तरी मला किळस यायची. हो, किळसच. त्यांच्या भुरक्यांची, ढेकरांची, त्यांच्या मायेचीसुद्धा. मेली मी स्वतःला फार निराळी समजत होते.

सुटी म्हणजे काय ते त्या घरात ठाऊक कोणाला होतं? मलकापूरच्या कचेरीतल्या कारकुनांना रविवार होता, नागपूरच्या सरकारनं दिलेला. बैलांना पोळा होता. बाईला काय होतं? बाईला विटाळ होता.

महिन्याचे ते चार दिवस! गोठ्याला लागून एक सपरी होती, आडोशाला दार, आत घोंगडी आणि पाण्याचं मडकं. "कावळा शिवला" एवढं म्हटलं, की सगळं घर चार हात लांब. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, कोणाशी बोललं नाही तरी चालतं. माझ्या बरोबरीच्या बाया त्या दिवसांना शिव्या घालायच्या. आणि मी? मी वाट बघायचे. नव्या नवरीनं माहेरच्या गाडीची बघावी तशी. त्या सपरीत मी नुसती बसायचे. भिंतीकडे बघायचे. पहिल्या दिवशी डोक्यातला गलका थांबायचा, दुसऱ्या दिवशी झोप लागायची, तिसऱ्या दिवशी मला आपण होऊन कोणाशी तरी बोलावंसं वाटायचं — मला! चौथ्या दिवशी न्हाऊन बाहेर आले की मी वेगळीच बाई असायचे. दुप्पट काम उपसायचे, वेचणाऱ्या बायांची थट्टा करायचे, सासूच्या पायांना तेल लावायचे. सासू म्हणायची, "थोरली बसून आली का कशी हासत-बोलत काम करते, पाहा!"

खोटं नव्हतं ते. चार दिवस कमी राबले, तर उरलेले दिवस मी माणसात राहायचे. माझ्यासारख्या बाईला तेवढं एकटेपण मिळालं तर ती कोणाचं वाईट चिंतत नाही, हे मी अनुभवानं सांगते. दर आठवड्याला असा एखादा दिवस कोणी उजळ माथ्यानं दिला असता तर... बघा, निघालेच मी सबब सांगायला! सोडा. ऐका पुढं.

मी खोटं बसायला लागले.

एकदा मनात आलं, म्हणून केलं. बाहेर बसून उठले त्याला पंधरवडा झाला होता. घरात पाहुणे उतरलेले, अंगणात पाय ठेवायला जागा नाही, आणि मी सकाळी दारातून म्हटलं — कावळा शिवला. कोणी काही विचारलं नाही. कोण विचारणार? कोण बघणार? ज्या गोष्टीचा सगळ्यांना विटाळ, ती तपासायला कोण हात घालतं? त्यांच्या शिसारीआड माझं खोटं सुखानं बसलं. मग महिन्यात एक खरी पाळी, एक खोटी. आहे की नाही हुशार? सासूला काळजी लागली, पोरीच्या अंगावरून फार जातं. वैद्याचा काढा सुरू झाला. कडू जहर! मी नाक दाबून तो प्यायचे, नसलेल्या दुखण्यावर. आणि त्याच्या मुळ्या दगडावर उगाळायची कोण? गोदा.

गोदा माझी धाकटी जाऊ. घरात सुना आम्ही दोघीच. सासूची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, तिच्यानं ना दळण व्हायचं ना भाकरी. म्हणजे मी सपरीत बसले की माझं सगळं गोदावर. आमच्या घरची विहीर खारी. त्या सगळ्या पट्ट्यातच पाणी खारं. गोडं पाणी गावाबाहेर, पांदणीच्या टोकाला. तिथून भरलेला गुंड, म्हणजे पितळी घागर, डोक्यावर घेऊन यायचं. गोदा कधी कुरकुरली नाही. वर सपरीपासून लांब उभी राहून माझ्याशी गप्पा मारायची, मला करमत नसेल म्हणून! आणि मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. ती टळावी म्हणून.

मग गोदा गरोदर राहिली. तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मी थांबले असेन.

नाही थांबले.

तिला सातवा लागला होता. कापसाचा हंगाम, घरात माणसांची ये-जा, गलका. माझी खरी पाळी होऊन गेली होती. तरी मी बसले. सकाळी तिनं सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या, माणसं शेतात गेली, सासूही गेली वेचणीवर नजर ठेवायला. घरात आम्ही दोघी. ऊन चढलं तेव्हा ती पाणी घेऊन आली. मी दाराच्या फटीतून तिला बघितलं. अंगणाच्या मधोमध ती थांबली, एका हातानं पोट धरलं, गुंड डोक्यावरून सुटला आणि ती खाली बसली.

"जाऊबाई, मले काहीतरी होऊन राह्यलं वं... या न..."

मी दार उघडलं. उंबरठ्यापर्यंत आले. तिच्या लुगड्याखाली ओल पसरत होती, आणि ते गुंडातलं पाणी नव्हतं. मी पाऊल उचललं, तर तिनंच हात वर केला. "नाही, नाही! तुमी नका येऊ. तुमी बाहेरच्या हात. लेकराले बाधन. तथूनच कोनाले आवाज द्या."

आता सांगा. मी काय करायला हवं होतं? मी कोरडी होते. स्वच्छ होते. चार पावलांवर होते. एवढंच म्हणायचं होतं — गोदा, मी बाहेरची नाही गं, खोटं बसले होते. झालं असतं काय? सासू बोलली असती, नवऱ्यानं हात उगारला असता, गावभर तोंड काळं झालं असतं. आणि मुख्य म्हणजे — हे मी आजच पहिल्यांदा उघड करतेय — माझी सपरी गेली असती. कायमची. ती कळवळत होती आणि माझ्या मनात ते आलं. देवाशपथ, तेच आलं.

मी उंबरठ्यावर उभी राहिले. हाका मारल्या. माझा आवाज मुळातच लहान, आणि त्या दिवशी तो घशातच राहत होता. अंगण ओलांडून गल्लीत धावायचं, तर तिच्या अंगावरून जावं लागलं असतं. म्हणून तेही नाही केलं. सोवळं मोडेल म्हणून! ती जमीन खरवडत होती. मी रडत होते, पण पाय उंबरठ्याच्या आतच होते. रडण्यानं काय होतं? रडणं सोपं असतं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. शेजारच्या पिंजाऱ्याची म्हातारी, सगळे तिला खाला म्हणत, कापूस पिंजता पिंजता उठून आली. एकदा गोदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "या अल्ला! अरी, खडी क्या है, पकड तो सही उसको!" आणि मी त्या म्हातारीला काय म्हटलं? म्हटलं, "मी बाहेरची आहे." स्पष्ट म्हटलं. तेव्हा बरा आवाज फुटला मला.

खालानं एकटीनं सगळं केलं. मुलगा होता. रडला नाही. खाला म्हणत होती, कोणी वेळेवर धरून आडवं केलं असतं, तर कदाचित... पुढचं मी ऐकलं नाही. कानांवर हात ठेवले. ते तर मला नेहमीच छान जमायचं.

गोदा वाचली. पण तिची कूस पुन्हा उजवली नाही. मला पुढं दोन मुलगे झाले, त्यांना न्हाऊ-माखू तिनंच घातलं. तिच्या मांडीवर माझी मुलं दिसली की मी नजर वळवायचे. तरी मी ती उचलून तिच्याच हातात द्यायचे, कारण मुलांचाही गलकाच असतो ना!

आणि ऐका, सगळ्यात घाण गोष्ट पुढं आहे. गोदा येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायची, "आमच्या जाऊबाई उंबरठ्यात उभ्या राहून रडत व्हत्या, पन माह्या लेकरासाठी पाय बाहेर नाही टाकला त्याहीनं." सासू माझ्या सोवळ्याचं कौतुक करायची. बाया माझ्याकडे आदरानं बघायच्या. आणि मी? मी मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा. तिचं मूल गेलं आणि त्यावर मला मान मिळाला, आणि तो मी घेतला, वर्षानुवर्षं घेतला. गोदा मरेपर्यंत. ती गेली तेव्हा उशाशी मीच होते. घरात दुसरं कोणी नव्हतं, बोलायला आडकाठी नव्हती. मी तिला पाणी पाजलं आणि गप्प बसले.

लिहिताना माझी मलाच ओकारी येते आहे. तरी एक राहिलं. त्याशिवाय हे अर्धंच होईल.

मूल पुरलं, त्याला पंधरवडाही झाला नव्हता. गोदा भिंत धरून चालायची, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. घरात भेटायला येणाऱ्या बायांची रीघ, रडणं, उसासे, तीच तीच चौकशी. माझे कान किटले. एका सकाळी मी दारात उभी राहिले आणि पुन्हा खोटंच म्हटलं — कावळा शिवला. सपरीत गेले. गोदाच भाकरी घेऊन आली. लांब ठेवली. काही न बोलता परत गेली, जाऊबाईला त्रास नको म्हणून. मी दार लोटून घेतलं. आत शांत होतं. मला बरं वाटलं. मी पोटभर जेवले आणि झोपले.