कयाकमधली मागची जागा

माझे धुळ्याचे मामा हिमालयातल्या एका उग्र नदीत जितक्या वेळा उतरले, तितक्या वेळा कुणी गावातल्या पांझरा नदीतही उतरलं नसेल. फरक इतकाच की मामा एकदाही ओले झाले नाहीत. नदीचं नाव मी सांगत नाही, कारण नाव फुटलं की गर्दी होते, असं मामांचं मत. गेली नऊ वर्षं ते या नदीवर कयाकने जायचा बेत करत आहेत. बेत कुठवर आला असं विचारलं की उत्तर ठरलेलं, तेही घरच्या अहिराणीत: "बठ्ठं ठरेल शे, पोरी." म्हणजे सगळं ठरलेलं आहे. आणि सगळं ठरलेलं असायचंच. फक्त जायचं राहिलेलं असायचं.

मामा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाले, पण हात थांबेना. त्यांनी इंटरनेटवर बघून बघून त्या नदीचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवला. त्याची गुंडाळी उलगडली की उगम सोफ्याखाली आणि शेवट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. नदीतल्या प्रत्येक खळाळाला लाल शाईने क्रमांक, बाजूला बारीक अक्षरात सूचना: 'येथे डावीकडून', 'येथे विचार करू नये'. मी जळगावहून सुट्टीत गेले की त्या कागदावर दोन पाट मांडले जायचे, एकामागे एक. पुढे मामा, मागे मी, दोघांच्या हातात लांब झाडूचे दांडे. मामा ओरडायचे, "चौथा आला! डावीकडे घे!" नेमकी तेव्हाच मामी चहाचा ट्रे घेऊन चौथ्या खळाळातून चालत यायची आणि म्हणायची, "पाय उचला, फरशी पुसायची आहे."

मागची जागा माझी, हे मामांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. मी तेव्हा शाळेत होते. इंग्रजी माध्यमाची मुलगी, घरच्या लग्नाकार्यात भिंतीला टेकून बसणारी. मी मराठीत एखादं वाक्य बोलले की मावश्या हसायच्या आणि इंग्रजीत बोलले की गप्प व्हायच्या. म्हणून मी दोन्ही बंद केलं होतं. मामांना ते कळलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि सांगितलं, "दोघांच्या कयाकमध्ये पुढचा नुसता जोर लावतो. बोट चालवतो तो मागचा. तू मागे बसायचं." तोवर मला कुणी काही चालवायला दिलेलं नव्हतं. घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा भावाकडे असायचा. मी त्याच उन्हाळ्यात जळगावच्या तलावावर महिलांच्या बॅचला नाव घातलं आणि पोहायला शिकले. नऊ वर्षं मी त्या मागच्या जागेसाठी पोहत होते, हे मामांना सांगायचं राहिलं.

एक खरी कयाकही होती. बंद पडलेल्या कुठल्याशा बोट क्लबकडून मामांनी ती घेतली. नारिंगी, दोन माणसांची, ओळखीच्या ड्रायव्हरने कांद्याच्या ट्रकवर टाकून हायवेने धुळ्याला आणलेली. जिन्यातून वळेना, म्हणून दोर लावून गच्चीवर चढवली, तेव्हा सगळी गल्ली पंपावरचं पाणी सोडून बघायला उभी राहिली. ती पाण्यात मात्र कधी गेली नाही. उन्हाळ्यात पांझरेला पाणी नाही आणि पावसाळ्यात पाणी फार. मधल्या दिवसांत मामा म्हणायचे, "अशा डबक्यात घालायची म्हणजे बोटीचा अपमान." मग मामीने बोटीच्या पाठीवर मिरच्या वाळत घातल्या, पुढच्या बसायच्या भोकात गव्हाचं पोतं उभं केलं. मामांनी बोट हलवायचं नुसतं नाव काढलं तरी ती म्हणायची, "तेमा मना गहू शेतस!" त्यात माझे गहू आहेत म्हटल्यावर खानदेशात पुढचं बोलणं होत नाही.

दर रविवारी सकाळी मामांचा फोन यायचा. कधी दोराची जाडी, कधी हेल्मेटचा रंग, कधी जेवणाची यादी. यादीत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचं, पीठ आणि दोन किलो भरताची वांगी पहिल्यापासून होती. "तिकडे वांगी मिळतील, पण ती वांगी नव्हेत." दरवर्षी बेत पुढे जायचा, आणि दरवर्षी कारण इतकं शास्त्रशुद्ध असायचं की रागावणंही अडाणीपणाचं वाटे. आधी माझी बारावी, मग मामांचा गुडघा, मग नकाशातल्या सातव्या खळाळाबद्दलची शंका. सातव्याने दोन वर्षं खाल्ली.

अखेर मागच्या वर्षी तिकिटं निघाली. ऑगस्टची. मी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसातल्या साहेबांच्या केबिनमध्ये स्वतःहून गेले, बसायला सांगितलं नसताना बसले आणि आठ दिवसांची रजा मागितली. "कशाला?" त्यांनी विचारलं. "कयाक चालवायला," मी म्हणाले. ते हसले. मी हसले नाही. रजा मिळाली. वर्षाची सगळी तीच.

ऑगस्ट का, हे आम्हा खानदेशातल्या माणसांना विचारायचं कारण नव्हतं. आमच्याकडे मे महिन्यात नदीच्या पात्रात टरबुजं असतात, पाणी नसतं. नदी म्हणजे आषाढ-श्रावण. हिमालयातल्या नद्यांना बर्फाचं पाणी येतं, हे मी सातवीत इंग्रजीतून लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पण पाण्यात हयात घालवलेल्या माणसाला ते मी सांगायचं? आणि तिथल्या कयाकवाल्यांच्या कॅम्पला मामांनी फोन केला नव्हता. "फोन केला की ते आपल्याला गिऱ्हाईक समजतात."

आम्ही पोचलो तेव्हा नदी चहासारखी तपकिरी होती आणि मुळासकट झाडं घेऊन चालली होती. काठावरच्या बोटी उलट्या करून ताडपत्रीने बांधलेल्या. तिथे एकच माणूस होता, शेडच्या पत्र्यावर डांबर लावत. "बारिश में कौन आता है बाबूजी? सीज़न बंद है. मई में आना था."

मामांनी विचारलं, "मई में पानी रहता है?"

तो खालून वरपर्यंत मामांकडे बघत म्हणाला, "बर्फ पिघलती है ना."

मामा माझ्या शेजारी उभे होते, काखेत नकाशाची गुंडाळी. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटेल, आता काय बोलावं, अशी जुळवाजुळव मी करत होते. आणि मला दिसलं की त्यांचे खांदे खाली आले. परीक्षा पुढे ढकलल्याची नोटीस वाचणाऱ्या मुलाचे येतात तसे. नऊ वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं झालेलं पाहिलं नव्हतं. दुपारी हॉटेलवाल्याला चुलीवर वांगी भाजायला लावून त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. परतीच्या गाडीत भुसावळ यायच्या आत मे महिन्याचा बेत निम्मा झाला होता. "आता बठ्ठं ठरेल शे," ते म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला कळलं होतं की या माणसाला नदी नको आहे, त्याला मी हवी आहे: पाटावर, मागे, ऐकणारी.

मे महिन्यात मी एकटी गेले. मामांना सांगितलं नाही. तीच नदी, पण हिरवी आणि इतकी गार की पहिल्या पाण्याने श्वास अडकला. दोघांच्या कयाकशी उभी राहिले तेव्हा तिथल्या प्रशिक्षकाने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "पहली बार? आगे बैठो." मी म्हणणार होते की मला मागे बसायचं आहे, मी नऊ वर्षं मागे बसले आहे. शब्द तीन भाषांत तयार होते. एकाही भाषेत बाहेर आले नाहीत. मी पुढे बसले आणि नुसता जोर लावला. चौथा खळाळ आला, तो म्हणाला "लेफ्ट", आणि बोट त्याने वळवली.

कॅम्पवाल्यांनी फोटो टाकला. तो फिरत फिरत मावसभावाकडून घरच्या ग्रुपवर आला. फोटोत हेल्मेट घातलेली आम्ही बारा जणं काठावर ओळीने उभी होतो, बोट दिसत नव्हती. त्या रविवारी मामांचा फोन आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. मी ग्रुपवरच्या अंगठ्यांत त्यांचा अंगठा शोधत राहिले. तिसऱ्या रविवारी सकाळची एसटी धरून धुळ्याला गेले.

मामीने दार उघडलं. "वर आहेत," एवढंच म्हणाली. मामा गच्चीवर कयाकशेजारी स्टूल टाकून मिरच्यांवरचे कावळे हाकत होते. माफी मागायची की भांडायचं, हे वाटेतल्या पारोळ्यापासून ठरत नव्हतं. मामांनीही कशाला गेलीस, का नाही सांगितलंस, असं काही विचारलं नाही. कावळ्याकडे बघत त्यांनी एकच विचारलं.

"मांगेच बठनी व्हती ना?"

मला मामांचा अजून राग होता. आजही थोडा आहे.

"हो मामा," मी म्हणाले. "मागेच बसले होते."

त्यांनी मान डोलावली. दोनदा. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, चहाचं सांगतो म्हणाले आणि एकेक पायरी धरून जिना उतरायला लागले. मी चपला काढल्या आणि कयाकच्या मागच्या जागेत जाऊन बसले. प्लास्टिक उन्हाने तापलं होतं. पुढच्या जागेत बसलेल्या मामांच्या उंचीचं गव्हाचं पोतं होतं, आणि त्याच्यावरून मला समोरचं काही दिसत नव्हतं. खालून चहा आल्याची हाक येईपर्यंत मी तशीच बसून राहिले.